सातासमुद्रांपलीकडचे पालक

उच्च शिक्षणासाठी अमेरिकेस जाणाऱ्या तरुणांविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. बावीस-तेवीस वर्षांचा पदवीधर, त्याची शिष्यवृत्ती, त्याची प्रयोगशाळा आणि पुढची नोकरी ह्या गोष्टी मध्यमवर्गीय घरांत आता इतक्या परिचयाच्या झाल्या आहेत की त्यांत नवे सांगण्यासारखे थोडेच उरले आहे. परंतु चौदा वर्षांचे पोर आठवी-नववीतून उठून दूरच्या देशातील शाळेत जाते, तेथेच राहते, जेवते, आजारी पडते आणि वाढते, ह्या गोष्टीचा विचार आपण क्वचितच करतो. अशी मुले आहेत. चीन, कोरिया, जपान, थायलंड, नायजेरिया अशा नाना देशांतून ती अमेरिकेतील निवासी शाळांत जातात. थोडी आपल्याकडूनही जातात. त्यांना तेथे कोण सांभाळते आणि कसे सांभाळते, एवढाच आमचा आजचा विषय आहे.

प्रथमदर्शनी हा पैशाचा प्रश्न वाटतो. नामांकित निवासी शाळांचे राहण्याजेवण्यासह वार्षिक शुल्क आज ६०,००० डॉलरांच्या पुढे गेले आहे. एवढे पैसे मोजून घेतल्यावर शाळेने मूल सांभाळायचे नाही तर काय करायचे, असे कोणीही म्हणेल. पण पैशाने खोली मिळते, ताट मिळते, शिक्षकही मिळतो. आईबापांच्या जागी उभे राहणारे माणूस मिळतेच असे नाही. शिवाय ह्या कामात एक मोठीच पंचाईत आहे. दुसऱ्याचे मूल सांभाळायचे म्हणजे त्याला आपलेसे करावे लागते. आणि ते फारच आपलेसे करून टाकले, तर ज्यांचे त्यांना परत देणे कठीण होऊन बसते. ह्या दोन टोकांमधली वाट अमेरिकन शाळा गेली दीडशे वर्षे शोधीत आहेत. ती त्यांना कधी सापडली, कधी हुकली.

मुले निवासी शाळांतच का जातात, हे आधी सांगितले पाहिजे. अमेरिकेत सरकारी शाळा गावोगाव आहेत आणि तेथील रहिवाशांच्या मुलांना त्या विनामूल्य आहेत. परंतु १९९६ साली झालेल्या कायद्याने विद्यार्थी म्हणून व्हिसा घेऊन येणाऱ्या परदेशी मुलास सरकारी माध्यमिक शाळेत फार तर १२ महिने शिकता येते, आणि त्यासाठी शिक्षणाचा पूर्ण खर्च भरावा लागतो. खाजगी शाळांना ही मुदत लागू नाही. म्हणून ज्याला तेथे चार वर्षे शिकून शाळा पुरी करायची, त्याला खाजगी शाळेचेच दार ठोठवावे लागते. आणि आईबाप हजारो मैलांवर असल्याने साहजिकच ती शाळा बहुधा निवासी असते. ह्या शाळांचे माहेरघर म्हणजे न्यू इंग्लंड. मॅसॅच्युसेट्समधील अँडोव्हरची फिलिप्स अ‍ॅकॅडमी १७७८ सालची आणि न्यू हॅम्पशायरमधील एक्सिटरची १७८१ सालची. दोन्ही एकाच फिलिप्स घराण्यातील पुतण्या-काकांनी स्थापन केलेल्या, आणि आजतागायत खेळाच्या मैदानावर एकमेकींशी हाडवैर जपणाऱ्या!

अँडोव्हरला १८६५ साली एक जपानी तरुण येऊन दाखल झाला. आज त्याला आपण नीजिमा जो ह्या नावाने ओळखतो. आदल्याच वर्षी तो हाकोदाते बंदरातून चोरून पळाला होता. कारण परवानगीवाचून देश सोडणाऱ्यास त्या काळच्या जपानात देहदंडाची शिक्षा होती. शांघायहून ‘वाइल्ड रोव्हर’ नावाच्या जहाजावर काम करीत तो बॉस्टनला पोचला. वाटेत कप्तानाने त्याला ‘जो’ म्हणायला सुरुवात केली होती. जहाजाचे मालक अल्फियस हार्डी ह्यांनी त्याच्या शिक्षणाचा भार उचलला आणि त्याला अँडोव्हरच्या शाळेत घातले. तो उतरला मात्र गावातल्या एका भावाबहिणीच्या घरी. त्याच घरात भाड्याने राहणाऱ्या एका जोडप्याने संध्याकाळी त्याचे इंग्रजी आणि गणित करून घेतले. म्हणजे शाळेने वर्ग दिला, एका व्यापाऱ्याने पैसे दिले, आणि ह्या परक्या मुलाजवळ रोज संध्याकाळी दिव्यापाशी बसण्याचे काम शेजाऱ्यांनी केले. पुढे तो अ‍ॅमहर्स्ट महाविद्यालयाचा पदवीधर झाला, १८७४ साली मायदेशी परतला आणि १८७५ साली त्याने क्योतो येथे दोशिशा ही संस्था काढली. तिचेच पुढे विद्यापीठ झाले. हार्डींचे ऋण मनात धरून तो इंग्रजीत आपली सही ‘जोसेफ हार्डी नीसिमा’ अशी करीत असे. आश्रयदात्याचे नाव त्याने आपखुशीने घेतले, आणि घेऊन तो घरी परत गेला. दोन्ही गोष्टी एकाच माणसात नांदल्या, हे विशेष.

नीजिमा एकटा होता आणि वयाने एकवीस-बावीस वर्षांचा होता. लहान मुलांना घोळक्याने पाठविण्याचा पहिला मोठा प्रयोग चीनने केला. युंग विंग नावाचा चिनी गृहस्थ १८४७ साली एका मिशनरी शिक्षकाबरोबर अमेरिकेत आला, मॅसॅच्युसेट्समधील मॉन्सन अ‍ॅकॅडमीत शिकला आणि १८५४ साली येल विद्यापीठाचा पदवीधर झाला. आपल्याला जे मिळाले ते आपल्या देशातील आणखी मुलांना मिळावे, हा ध्यास त्याने पुढे अठरा वर्षे सोडला नाही. अखेर चिनी सरकारने त्याची योजना मान्य केली, आणि १८७२ ते १८७५ ह्या चार वर्षांत दरसाल ३० प्रमाणे १२० मुले अमेरिकेस रवाना झाली. बहुतेक मुले बारा-तेरा वर्षांची होती. मुक्काम पंधरा वर्षांचा ठरला होता. पंधरा वर्षे! आईने मुलगा पाठवायचा, तो मिशा फुटून परत यायचा.

ह्या मुलांना कोठे ठेवावे, हा प्रश्न उभा राहिला. सगळ्यांना एका मोठ्या इमारतीत ठेवले असते तर त्यांना इंग्रजी आले नसते. म्हणून कनेक्टिकट आणि मॅसॅच्युसेट्समधील निवडक कुटुंबांत दोन-दोन, तीन-तीन मुले वाटून दिली. एकेकटे ठेवले नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. रात्री अंथरुणावर पडल्यावर आपल्या भाषेत दोन शब्द बोलायला कोणी तरी हवेच. ह्या मुलांपैकी ली यान फू ह्याने पुढे १८८७ साली आपल्या बालपणाच्या आठवणींचे पुस्तक लिहिले. स्प्रिंगफील्डला यजमानीणबाई त्यांना न्यायला आल्या आणि त्यांनी मुलांना जवळ घेऊन त्यांचा मुका घेतला. ली लाजेने लाल झाला आणि बाकीची पोरे हसू लागली, कारण अगदी तान्हेपणानंतर त्याचा मुका कोणी घेतलाच नव्हता. दुसरी गंमत रविवारची. यजमानांनी मुलांना ‘रविवारच्या शाळेत’ जायचे असे सांगितले. मुलांना त्यांतला ‘शाळा’ एवढाच शब्द कळला, आणि ती बिचारी पुस्तके घेऊन तयार झाली. पाहतात तो समोर चर्च! तेव्हा मुलांनी तेथून जी धूम ठोकली ती थेट आपली खोली गाठेपर्यंत. आम्हांला ही गोष्ट नुसती विनोदी वाटत नाही. यजमानांच्या मनात काही वावगे नव्हते. आपल्या घरातली मुले रविवारी जेथे जातात तेथेच ह्यांनाही न्यावे, इतकाच त्यांचा भाव. पण मुलांना घरून निघताना बजावलेले होते. प्रेमाने धरलेला हात कोठवर न्यायचा, हा प्रश्न पहिल्याच रविवारी उभा राहिला तो असा.

चिनी सरकारला ह्याची कल्पना नव्हती असे नाही. हार्टफर्ड येथे त्यांनी आपली कचेरी थाटली आणि १८७७ साली तिच्यासाठी मोठी इमारतही बांधली. मुलांनी पाळीपाळीने तेथे येऊन चिनी भाषा, लेखन आणि प्राचीन ग्रंथ ह्यांचा अभ्यास करायचा असा दंडक होता. व्यवस्था कागदावर चोख दिसते. प्रत्यक्षात मुलांना ते घर म्हणजे शिक्षेची जागा वाटू लागली. एकीकडे यजमानांचे हसतेखेळते घर, बर्फावरच्या घसरगाड्या, बेसबॉल. दुसरीकडे कडक अधिकारी आणि घोकंपट्टी. मायभाषा जर फक्त कचेरीतच भेटली आणि जिव्हाळा फक्त परक्या भाषेत भेटला, तर मूल कोणाकडे झुकणार हे सांगायला ज्योतिषी नको. मुलांनी झगे टाकून विजारी घातल्या. काहींनी वेण्या कापल्या, आणि त्या काळी वेणी कापणे हा बादशाहाशी द्रोह होता. काही ख्रिस्ती झाले. कचेरीवर नव्याने आलेल्या अधिकाऱ्याने पेकिंगला कडक अहवाल धाडले. त्यातच अमेरिकेने आपल्या लष्करी आणि आरमारी विद्यालयांत ह्या मुलांना प्रवेश नाकारला, आणि चिनी मजुरांविरुद्धचे वातावरण तापू लागले. हार्टफर्डचे धर्मोपदेशक ट्विचेल आणि त्यांचे मित्र मार्क ट्वेन ह्यांनी माजी अध्यक्ष ग्रँट ह्यांच्याकडे धाव घेतली. ग्रँटनी ली हुंगचांगला पत्रही लिहिले. पण १८८१ साली योजना गुंडाळली गेली आणि बहुतेक सर्व मुलांना परत बोलावण्यात आले. पंधरा वर्षांची मुदत नवाच्या आतच संपली.

शांघायला त्यांचे स्वागत कसे झाले? पहाऱ्यात, एका पडक्या इमारतीत. ह्याचे वर्णन एका मुलाने केले ते हार्टफर्डच्या आपल्या यजमानीणबाईंना लिहिलेल्या पत्रात. आपल्या देशात परत आल्याचे दुःख सांगायला त्याला परदेशातली आईच आठवली, ह्यात यजमानांचे यशही आहे आणि योजनेचे अपयशही आहे. असे असले तरी ही मुले वाया गेली नाहीत. येलला शिकलेल्या जान त्यांयूने पेकिंग ते जांगज्याखौ हा डोंगरातला लोहमार्ग १९०९ साली पुरा केला. तांग शाओयी १९१२ साली चिनी प्रजासत्ताकाचे पहिले पंतप्रधान झाले. अँडोव्हरचा बेसबॉलपटू ल्यांग छंग १९०३ साली चीनचा वकील म्हणून वॉशिंग्टनला गेला. बॉक्सर बंडाच्या भरपाईतील जादा रक्कम अमेरिकेने परत करावी म्हणून त्याने जी खटपट केली, तिच्यातून उभ्या राहिलेल्या निधीवर पुढे छिंगह्वा ही शिक्षणसंस्था निघाली.

ह्याच सुमारास आपल्याकडची एक मुलगी अमेरिकेस गेली. आनंदीबाई जोशी १८८३ साली न्यू यॉर्कला उतरल्या तेव्हा त्यांचे वय अवघे अठरा होते. त्यांचे शिक्षण वैद्यकीय महाविद्यालयातले. तेव्हा शाळेच्या हिशेबात ते बसत नाही. पण परक्याचे मूल सांभाळणे म्हणजे काय, ह्याचे याहून चांगले उदाहरण आम्हांला ठाऊक नाही. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले, आणि आनंदीबाई त्यांना ‘मावशी’ म्हणत. ह्या मावशीच्या घरी राहून आनंदीबाईंनी लुगडे सोडले नाही, मांसाहार केला नाही, धर्म बदलला नाही. ते सोडायला लावणारे सल्लागार त्या देशात कमी नव्हते. फिलाडेल्फियाला महाविद्यालयाच्या प्रमुख डॉ. रेचल बॉडली ह्यांनीही त्यांची घरच्यासारखी काळजी घेतली. १८८६ च्या मार्चमध्ये त्या पदवीधर झाल्या आणि पुढच्याच फेब्रुवारीत पुण्यात वारल्या. त्यांच्या अस्थी कार्पेंटर कुटुंबाने पोकीप्सी येथील आपल्या घराण्याच्या दफनभूमीत ठेवून घेतल्या. रक्षेपुरते का होईना, मावशीने मुलीला आपल्यात घेतले. जिवंतपणी मात्र ती गोपाळरावांच्या घरचीच राहू दिली.

आता आजच्या शाळांकडे वळू. आज यजमानांच्या जागी वसतिगृह आहे. तेथे शिक्षक आपल्या बायकामुलांसह मुलांच्या शेजारीच राहतात आणि रात्री खोल्यांतून फेरी मारतात. पाच-सात मुलांमागे एक सल्लागार शिक्षक असतो. मुलाचे गुण, मित्र, झोप, रुसवेफुगवे ह्यांची खबर त्याने ठेवायची. परदेशी मुलांसाठी शिवाय एक निराळा अधिकारी असतो. त्याचे काम मोठे विचित्र आहे. २००३ सालापासून अमेरिकन सरकारची संगणकावरील नोंदवही आहे. तिच्यात प्रत्येक परदेशी विद्यार्थ्याचा पत्ता आणि अभ्यासक्रम ह्याच अधिकाऱ्याने नोंदवायचा असतो. मुलगा आला नाही, शाळा सोडली, अभ्यास ठरल्यापेक्षा कमी केला, तर ते सरकारला कळवायचे ह्यानेच. म्हणजे मुलाने आपली अडचण ज्याला सांगायची, तोच सरकारचा कारकूनही! चांगल्या शाळा निदान एवढे करतात की कागद सांभाळणारा माणूस आणि मन सांभाळणारा माणूस वेगवेगळा ठेवतात. लहान शाळांना ते परवडत नाही.

परदेशी मुलांना इतरांच्या आधी काही दिवस बोलावून घेतात. कपडे धुण्याचे यंत्र, बँकेचे खाते, आगीची घंटा वाजली म्हणजे काय करायचे, बर्फात कसले जोडे घालायचे, हे सगळे तेव्हा शिकवितात. त्याविषयी फार लिहीत नाही. चार-आठ दिवसांत कोणतेही मूल ते शिकते. खरी अडचण वर्गात येते. १९३० साली एडवर्ड हार्कनेस नावाच्या धनिकाने एक्सिटरला मोठी देणगी दिली आणि तिच्यातून तेथे एक नवीच पद्धत सुरू झाली. लंबवर्तुळाकार टेबल, भोवती बारा-एक विद्यार्थी आणि त्यांच्यातच बसलेला शिक्षक. व्याख्यान नाही, विद्यार्थ्यांनीच बोलायचे, एकमेकांचे खोडायचे, शिक्षकाचेही खोडायचे. अनेक शाळांनी ही रीत उचलली आहे. रीत उत्तम आहे ह्यात शंका नाही. पण सेऊलच्या किंवा सोलापूरच्या मुलाची कल्पना करा. विचारल्यावाचून बोलू नये, मोठ्यांचे तोडू नये, चुकीचे बोलण्यापेक्षा गप्प बसलेले बरे, हे त्याला घरी आणि शाळेत दहा वर्षे शिकविलेले असते. तो मनात वाक्य इंग्रजीत जुळवितो, ते नीट जुळेपर्यंत चर्चा पुढच्या मुद्द्यावर गेलेली असते. सत्राच्या अखेरीस शेरा येतो : ‘सहभाग कमी’. जाणता शिक्षक अशा मुलाला उद्याचा प्रश्न आजच सांगून ठेवतो आणि चर्चेची सुरुवात त्यालाच करायला लावतो. उपाय इतका साधा आहे, पण मुलाचे मौन म्हणजे मठ्ठपणा नव्हे हे आधी शिक्षकाच्या ध्यानात यावे लागते.

निबंधाचेही तसेच. पाठ्यपुस्तकातले वाक्य जसेच्या तसे उतरविले तर आपल्याकडे शाबासकी मिळते. तेथे अवतरणचिन्हावाचून आणि लेखकाच्या नावावाचून तेच केले तर ती चोरी ठरते, आणि प्रकरण शिस्तमंडळापुढे जाऊ शकते. हे पहिल्या निबंधाच्या आधी समजावून सांगणे हे शाळेचे कर्तव्य आहे. निबंध तपासल्यानंतर समजावणे म्हणजे परक्या गावच्या माणसाला दंड करून मग रस्त्याचा नियम सांगणे होय.

सुट्ट्यांचा प्रश्न मात्र शिक्षकाच्या हुशारीने सुटत नाही. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी अमेरिकेत थँक्सगिव्हिंगचा सण असतो. त्या आठवड्यात पुष्कळ शाळांची वसतिगृहे बंद होतात; पुढे नाताळ आणि मार्चची सुट्टी. चार-पाच दिवसांसाठी कोणी मुंबईला विमानाने येत नाही. मग मुलाने जायचे कोठे? कोणी मित्राच्या घरी जातो, कोणाला शाळा यजमान कुटुंब शोधून देते, कोणाचे आईबाप पैसे देऊन स्थानिक पालक नेमतात. आपल्या जुन्या पिढीतील कित्येकांनी पुण्यात वार लावून जेवून विद्या केली. त्यांना ह्या मुलांचे मन चटकन कळेल. अन्न गरम असते, माणसे भली असतात, आणि तरी घास घेताना आपण दुसऱ्याच्या ताटावर बसलो आहोत ही टोचणी जात नाही. पहिल्या वर्षी पाहुणचाराचे अप्रूप वाटते. तिसऱ्या वर्षी तेच मूल शाळेत एकटे राहू द्या म्हणून विनवणी करते. काही शाळा सुट्टीत एक वसतिगृह उघडे ठेवतात आणि मुलांना स्वयंपाकघर वापरू देतात. आपल्या हाताने भात शिजवून चार मुलांनी मिळून खाणे ह्यात जे सुख आहे ते यजमानाच्या टर्की पक्ष्यात नसावे, असे आम्हांला वाटते. मार्च २०२० मध्ये साथीमुळे सगळ्याच शाळांची वसतिगृहे रिकामी करण्याची पाळी आली, विमाने बंद होऊ लागली, तेव्हा हा सुट्टीचा प्रश्न एकाएकी महिनोन्महिने लांबला. त्याच जुलैमध्ये, वर्ग केवळ संगणकावरून चालत असतील तर परदेशी विद्यार्थ्यांनी देशात राहू नये, असे सरकारी फर्मान निघाले. हार्वर्ड आणि एम. आय. टी. ह्या संस्था न्यायालयात गेल्या आणि आठवडाभरात ते मागे घेण्यात आले; पण त्या आठवड्यात वसतिगृहांतल्या मुलांना झोप आली नसेल.

आणखी एक गोष्ट. इंग्रजी लवकर यावे म्हणून वसतिगृहात मुलांनी मायभाषा बोलू नये, असा आग्रह धरणाऱ्या शाळाही आहेत. आम्हांला तो सर्वस्वी चुकीचा वाटतो. दिवसभर दुसऱ्याच्या भाषेत वावरून थकलेल्या मुलाला रात्री अर्धा तास आपल्या भाषेत भांडू द्यावे, चेष्टा करू द्यावी. त्याने इंग्रजी मागे पडत नाही. दीडशे वर्षांपूर्वी मुले दोन-दोन ठेवण्याइतके शहाणपण ज्यांना होते, त्यांचे नातू-पणतू आज हे विसरावेत ह्याचे नवल वाटते. नावाविषयीही तेच. शिक्षकाला उच्चार जमत नाही म्हणून पुष्कळ मुले स्वतःच जॉन किंवा एमी होतात. मुलाने हौसेने नाव घेतले तर घेऊ द्यावे, नीजिमानेही घेतलेच होते. पण शिक्षकाने पहिल्या दिवशी जवळ बोलावून ‘तुझे आई तुला कशी हाक मारते?’ एवढे विचारावे आणि तो उच्चार चार वेळा घोकावा. त्याला पैसा लागत नाही.

आपल्यापैकी कोणी मुलाला किंवा नातवाला अशा शाळेत पाठविण्याच्या विचारात असेल, तर इमारतींची चित्रे आणि विद्यापीठांत गेलेल्यांच्या याद्या पाहून झाल्यावर शाळेला काही रुक्ष प्रश्न विचारावेत. थँक्सगिव्हिंगच्या रात्री मुलगा कोणत्या छपराखाली झोपेल? शाकाहारी जेवण म्हणजे रोज काय वाढतात? मुलाने फोनवर नुसते ‘बरे आहे’ म्हटले आणि आईला ते खरे वाटले नाही, तर तिने कोणाला फोन करायचा? बॉस्टनचे घड्याळ आपल्या मागे उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा तास असते. तेव्हा आपल्या सकाळी, म्हणजे त्यांच्या रात्री, तो फोन कोण उचलतो? आणि शेवटचा प्रश्न कागदाचा. मूल अठरा वर्षांच्या आत असल्याने औषधोपचाराची संमती आईबापांची लागते. ती शाळा प्रवेशाच्या वेळीच लिहून घेते, आणि लसींचे दाखले, विमा ह्यांच्या गठ्ठ्यात त्या कागदावर आपण न वाचताच सही करतो. तो कागद वाचावा. पोटात दुखू लागून मध्यरात्री शस्त्रक्रियेचा निर्णय घ्यायची वेळ आली तर तेथे आपल्या वतीने कोणत्या नावाचे माणूस उभे राहणार आहे, हे विचारून ते नाव लिहून घ्यावे, आणि मूल निघण्यापूर्वी एकदा त्या माणसाशी स्वतः बोलावे.